वंगणरावांचं जहाज

वंगणराव जन्मात कधी जहाजावर चढले नव्हते. ही गोष्ट त्यांच्या गावात कोणाला ठाऊक नव्हती, आणि खरं सांगायचं तर अलीकडे त्यांना स्वतःलाही ती नीटशी आठवत नसे.

बंदरात त्यांनी एकवीस वर्षं काढली ती टगवर. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणारी बुटकी, धुरकट, चिडखोर नाव. अडलेली म्हैस दावणीला आणावी तसं जहाज ओढत आणायचं, सोडायचं, आणि पुन्हा आपल्या जागी येऊन पडायचं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, टगची दगडी बांधापर्यंत. बांधापलीकडचा समुद्र वंगणरावांनी पाहिला तो कामाची सुट्टी झाल्यावर, कारण कामाच्या वेळी ते खाली इंजिनाच्या पोटात असत. तिथून समुद्र सोडा, आभाळसुद्धा दिसत नसे. कोपरापर्यंत वंगणात बुडालेले हात, म्हणून नाव पडलं वंगण्या. ‘राव’ त्यांनी मागाहून स्वतःच्या हातानं लावून घेतलं.

नोकरी संपली आणि ते आपल्या गावी परतले. गाव असं कोरडं, की विहिरीत पोहरा सोडला तर दोर संपावा पण पाणी लागू नये. अशा गावात समुद्राबद्दल माणसाला काहीही सांगता येतं. पहिल्या आठवड्यात टगचं जहाज झालं. महिन्याभरात इंजिन हाकणाऱ्याचा चीफ इंजिनिअर झाला. वर्ष उलटायच्या आत सात समुद्र पार पडले, दोन वादळं आणि एक देवमासा पदरी पडला. न्हावी त्यांना रांगेत बसवेना, मास्तर त्यांना पोरांपुढं उभं करू लागले, आणि बायको तेवढी स्वयंपाकघरातून भांडी जोरात आपटू लागली. तिला सगळं ठाऊक होतं. पण ‘चीफसाहेबांची बायको’ म्हणवून घ्यायला तिचीही ना नव्हती, म्हणून आपटण्यावर भागायचं.

माणूस थापाड्या होता, पण आळशी नव्हता. थापेला मालमसाला लागतो. बंदरातल्या चहाच्या टपरीवर परदेशी फिरून आलेल्या खलाशांकडून त्यांनी बंदरांची नावं, वाऱ्यांच्या दिशा, कुठल्या महिन्यात कुठला समुद्र खवळतो, असलं सगळं टिपून ठेवलं होतं. त्यामुळं कोणी आडवातिडवा प्रश्न टाकला तरी चीफसाहेब अडखळत नसत.

याच जहाजावर बसून लेकीचं स्थळ आलं. व्याही म्हणजे निवृत्त शाळा तपासनीस. हयात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलेली. जेवायला बसले तरी आधी ताटाकडं ते तांबडी शाई हातात असल्यासारखं बघायचे. हा माणूस वंगणरावांना पहिल्या भेटीतच पकडेल असं कोणालाही वाटलं असतं. पण तपासणाऱ्यालाही आपल्या फायद्याची गोष्ट तपासून बघावीशी वाटत नाही. ‘आमचे व्याही जहाजावर चीफ होते’ हे वाक्य तोंडात एकदा घोळलं, गोड लागलं, आणि मग ते तपासायचं राहून गेलं. लेकीला सासरी मान मिळाला तोही चीफची लेक म्हणून. तेव्हा थाप आता एकट्या वंगणरावांची उरली नव्हती. लेकीचा संसार तिच्यावर टेकला होता.

लेकीला मुलगा झाला. लेक-जावई राहायचे लांबच्या शहरात. नातवाला बघायला दोघे व्याही एकत्र निघाले. बायकांनी पाठदुखीचं निमित्त काढलं, आणि व्याह्यांबरोबर दोन दिवस बसमधून जायचं म्हटल्यावर कोणाचीही पाठ दुखली असती. बस जायची ती नेमकी बंदराच्या शहरातून. वंगणरावांनी मनाशी आखून ठेवलं होतं: तिथं बस जेमतेम दहा मिनिटं थांबते, आपण डोळे मिटून घोरायचं.

पण बस बंदराच्या शहरात शिरली तीच चाकाएवढ्या पाण्यातून. पाऊस असा, की वरून पडतोय की खालून उसळतोय कळेना. वाहकानं सांगितलं, पुढचा रस्ता खचलाय, बस आता उद्या सकाळी सहाला सुटेल, ज्यानं त्यानं आपली सोय बघावी.

“चला, बरंच झालं,” व्याही म्हणाले. “तुमची माणसं इथलीच ना? सगळं बंदर सलाम ठोकतं म्हणालात.”

“ठोकायचं. आता जुनी माणसं राहिली कुठं? बरीचशी परदेशी.”

“सगळी?”

“जवळजवळ.”

“आणि ते तुमचे कप्तान? ज्यांना तुम्ही वादळातून वाचवलंत ते? ते इथंच असतात म्हणालात. मागच्या महिन्यात त्यांचं पत्र आलं म्हणालात.”

थाप मारणारा विसरतो, ऐकणारा जपून ठेवतो. वंगणराव पत्र विसरले होते.

“आपण आधी लॉज बघू,” ते घाईनं म्हणाले. “कप्तानांना त्रास कशाला?”

तीन लॉज पाहिले. तिन्ही ठिकाणी त्यांच्याच बसमधली माणसं सतरंजीवर एकमेकांना चिकटून पडली होती. चौथ्या ठिकाणी जिन्याखाली एक खाट होती, पण तिच्यावर आधीच एक बादली झोपली होती आणि वरून तिच्यात पाणी टपकत होतं. व्याह्यांनी छत्री झटकली. “आता पुरे. कप्तानांकडे चला.”

वंगणरावांनी चपलेतलं पाणी झटकायला उगाच वेळ लावला. कारण ज्याला त्यांनी कप्तान केलं होतं तो सुकाण्या. टगचं चाक धरणारा. आणि सुकाण्याच्या व त्यांच्या मध्ये एक जुनं हाडूक अडकलेलं होतं.

टगवर काम कसं चालायचं ते सांगायला हवं. सुकाण्या वर चाकाशी, वंगणराव खाली इंजिनाशी. वरच्याला इंजिन दिसत नाही, खालच्याला पाणी दिसत नाही. मध्ये एक दोरी आणि घंटा. वरून दोरी ओढली की खाली ठोका पडायचा. एक ठोका म्हणजे पुढं, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे मागं. बारा वर्षं दोघांनी असा आंधळ्या-पांगळ्याचा संसार केला. मग एके दिवशी टग धक्क्याला लागता लागता एकाएकी मागं गेली आणि मागं बांधलेल्या, नुकत्याच रंगवलेल्या, बंदरच्या मोठ्या साहेबाच्या पांढऱ्या लाँचवर अशी बसली, की लाँचची पत्रावळ झाली. चौकशी लागली. सुकाण्या म्हणाला, मी दोन ठोके दिले. वंगणराव म्हणाले, मला तीन ऐकू आले. साहेबांनी खालच्याचं मानलं. वर गार वाऱ्यात बसलेल्याला डुलकी लागू शकते, इंजिनाशेजारी कोणाला लागणार? सुकाण्याचं चाक गेलं. त्याला रंगाच्या स्टोअरमध्ये बसवलं, तिथं त्यानं नऊ वर्षं ब्रश आणि डबे वाटले.

त्या माणसाच्या दारात आता वंगणराव आपली अब्रू घेऊन निघाले होते, तीही व्याह्याच्या छत्रीखालून. सुकाण्यानं एक शब्द बोलायचा अवकाश. उद्या जावयाच्या घरी, परवा सगळ्या सोयऱ्यांत, आणि लेकीला तिची सासू दर सणाला भाजीबरोबर फोडणीला घालणार.

गोदामांच्या मागं बंदरच्या नोकरांच्या खोल्यांची रांग होती. वाटेत गंजलेल्या साखळ्या, भिजून हत्तीएवढ्या फुगलेल्या ताडपत्र्या, डिझेलचे इंद्रधनुष्यी तवंग. “कप्तान इथं राहतात?” व्याह्यांनी विचारलं.

“साधी राहणी,” वंगणराव म्हणाले.

दार सुकाण्याच्या बायकोनं उघडलं. अंगानं भरलेली, जिभेनं सडसडीत. “अगं बाई! अहो, बघा कोण आलंय! वंगणभावजी!”

“वंगण?” व्याह्यांच्या भुवया वर गेल्या.

“लाडाचं नाव. जहाजावर सगळ्यांना असतं.”

खोली एकच, पण तिला रंग चार. दार जहाजी करडं, खिडक्या तांबड्या भडक, एक भिंत हिरवी आणि उरलेल्या पिवळ्या. स्टोअरमध्ये डब्याच्या बुडाशी जे उरायचं ते सुकाण्या घरी आणून भिंतीला फासायचा. छताला तीन ठिकाणी गळती आणि खाली तीन पातेली. त्यांच्या मधोमध सुकाण्या खुर्चीत बसला होता, वाळलेल्या मिरचीसारखा.

व्याही पुढं झाले, पातेलं ओलांडलं आणि हात जोडले. “नमस्कार, कप्तानसाहेब. मी तुमच्या चीफसाहेबांचा व्याही. वादळात त्यांनी एका हातानं इंजिन चालू करून आपल्याला वाचवलं, ते तर तोंडपाठ आहे.”

सुकाण्यानं वळून मागं पाहिलं. मागं भिंत होती.

व्याह्यांच्या पाठीआडून वंगणरावांनी डोळे मिचकावले, ओठांवर बोट ठेवलं, शेवटी दोन्ही हात जोडले. बारा वर्षं सुकाण्यानं या माणसाला वरून खुणा दिल्या होत्या. आज पहिल्यांदा खूण उलट्या दिशेनं येत होती. ती त्यानं सावकाश वाचली, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे हसू उमटलं ते पाहून वंगणरावांना आधी हायसं वाटलं. माणूस बुडताना मगरीच्या पाठीलाही ओंडका समजतो.

“बसा हो, बसा,” सुकाण्या म्हणाला. “आमच्या चीफचे व्याही म्हणजे आमचेच.”

टॉवेल आला, चहा आला. सुकाण्या रंगात आला.

“साहेब, खोटं नाही सांगत, याच्याशिवाय आमचं जहाज जागचं हलायचं नाही.” हे खरंच होतं. “त्या वादळात इंजिन बंद पडलं, तेव्हा या पठ्ठ्यानं एका हातानं—”

“उजव्या,” व्याही म्हणाले.

“उजव्याच. डावा भाजला होता ना.”

डाव्या हाताची बाब वंगणरावांना नवी होती. चांगली होती. त्यांनी ती मनात ठेवून घेतली. छाती दोन बोटं वर आली, पाय पसरले गेले. “अरे, कशाला ते जुनं,” ते म्हणाले, म्हणजे ‘चालू दे’.

“कशाला कसं? माणसाच्या मोठेपणाचं सांगायला नको?” सुकाण्या व्याह्यांकडं सरकला. “पण साहेब, वादळबिदळ काही नाही. याचा खरा मोठेपणा म्हणजे, तिला यानं कधी अंतर दिलं नाही.”

“कोणाला?”

“तिला हो. तिकडच्या बंदरातली. हिरव्या डोळ्यांची.” सुकाण्यानं आश्चर्यानं वंगणरावांकडं पाहिलं. “व्याह्यांनाही सांगितलं नाहीस? बघा, किती विनयी माणूस. दर फेरीला हा तिच्याकडं राहायचा. पोरगाही गोड. आता तिशीला आला असेल, नाही रे? नाक अगदी तुझं.”

सुकाण्याच्या बायकोनं तोंडावर हात ठेवला. तो हसू दाबायला; व्याह्यांना वाटलं, लाजेनं.

व्याह्यांनी कप खाली ठेवला. “व्याही, हे खरं?”

“छे हो! थट्टा करतोय तो!”

“वादळ खरं?”

“अं… हो.”

“उजवा हात खरा? देवमासा खरा?”

“हो, म्हणजे—”

“तोंड एकच. त्यानं वादळ खरं सांगितलं, हात खरा सांगितला, आणि बाईच तेवढी खोटी? असं कसं होईल?” व्याह्यांचा आवाज वर्गात शिरल्यासारखा झाला. “माझ्या सुनेला परदेशात एक भाऊ आहे, आणि मला कळतंय ते या पातेल्यांच्या मध्ये बसून. उद्या नातवाला बघायला मी एकटा जाईन. सुनेला काय ते मीच सांगेन. तुम्ही इथंच राहा, तुमच्या माणसांत.”

वंगणरावांचं धाबं दणाणलं. फुगवायला दिलेला फुगा सुकाण्यानं फुगवून फुगवून त्यांच्याच तोंडावर फोडला होता. आता एकच वाट उरली होती, आणि त्या वाटेनं ते गावी परतल्यापासून कधी गेले नव्हते.

“अहो, मी कुठल्या जहाजावर गेलोच नाही!” ते ओरडले. “परदेश पाहिला नाही, वादळ पाहिलं नाही! टगवर होतो, टगवर! ती बाहेर उभी असते ती! इंजिन हाकत होतो! हा कप्तान नाही, सुकाण्या आहे!”

व्याही कोरडं हसले. “अंगाशी आलं की पोरं अशीच उत्तरं खोडतात. एक ओळ चुकली म्हणून सगळं पानच काळं करायचं.”

“देवाशपथ सांगतो!”

“माणूस खोटं बोलतो ते वर चढायला. खाली उतरायला खोटं बोलत असेल तर नक्कीच काहीतरी मोठं लपवतोय. बाईपेक्षाही मोठं असेल.”

वंगणराव सुकाण्याकडं वळले. “अरे, सांग ना यांना! तू सांग!”

“मी?” सुकाण्यानं गळणाऱ्या पातेल्यातलं पाणी शांतपणे बादलीत ओतलं, पातेलं पुन्हा जागेवर ठेवलं. “माझी साक्ष या बंदरात चालत नाही रे. मी दोन म्हटलं तरी लोकांना तीन ऐकू येतात.”

व्याही दोघांकडं आळीपाळीनं बघू लागले.

“तूच सांग,” सुकाण्या म्हणाला. “टगवर होतास ना? मग पांढऱ्या लाँचच्या दिवशी किती ठोके पडले, ते टगवरच्या माणसाला ठाऊक असेल. सांग. या साहेबांचीही खात्री पटेल.”

वंगणरावांनी एकदा दाराकडं पाहिलं. बाहेर पाऊस होता. आत व्याही होते.

“दोन,” ते म्हणाले.

“जरा मोठ्यानं. हिलाही ऐकू दे.”

“दोन पडले! दोनच!” आणि मग बांध फुटल्यासारखं त्यांचं तोंड सुटलं. “तू रोज तसंच करायचास. धक्का जवळ आला की दोन ठोके, मनात सात आकडे मोजून होईपर्यंत थांबायचास, की तीन. बारा वर्षांत एकदा म्हणून बदल नाही. मग मी तिसऱ्याची वाट बघायचं सोडून दिलं. दोन पडले की हातच आपोआप दांडा मागं ओढायचा. त्या दिवशी मी मदतनिसाला परदेशातल्या बंदराची गोष्ट सांगत होतो. रंगात आलो होतो. दोन पडले, हातानं ओढला. तू तीन दिलेच नाहीस. वरून तुला मागची लाँच दिसत होती, मला काय दिसणार?” हे सांगताना त्यांचा उजवा हात मांडीशेजारी हवेतला दांडा धरून मागं ओढत होता, एकदा, पुन्हा एकदा. त्यांचं लक्षही नव्हतं.

व्याही त्या हाताकडं बघत राहिले. तपासनीसच तो. पाठ करून आलेलं उत्तर कुठलं आणि अंगात मुरलेलं कुठलं, एवढं त्यांना कळत होतं.

“टगच,” ते हळूच म्हणाले, जणू काही त्यांच्याच घरात कोणी गेलं होतं.

सुकाण्याची बायको मात्र नवऱ्यापुढं येऊन उभी राहिली होती. “म्हणजे तुम्हाला डुलकी लागली नव्हती?”

“नाही.”

“मग मी इतकी वर्षं बोलत होते ते?”

“उगाच.”

“आणि तुम्ही ऐकून घेत होतात?”

“सांगितलं की तुला. हजारदा सांगितलं. तूही खालच्याचंच मानलंस.”

तिनं वंगणरावांकडं असं पाहिलं, की ते खुर्चीसकट मागं सरले. “उठा,” ती म्हणाली. “माझ्या कपातून चहा पिताय.” आणि अर्धा भरलेला कप त्यांच्या हातातून काढून घेतला.

“पाहिजे तर कचेरीत लिहून देतो,” वंगणराव पुटपुटले.

“कोणाला देतोस? साहेब मेला, लाँच भंगारात गेली, कचेरीत आता सगळी नवी पोरं. ती म्हणतील, टग म्हणजे काय?” सुकाण्या खुर्चीत मागं टेकला. “हिच्यासमोर बोललास, झालं. मला तेवढंच हवं होतं. साहेब, याचं बाईबिई काही नाही. बाई सोडा, जहाजाची दोरशिडी बघून याला घेरी यायची.”

आता सगळे व्याह्यांकडं बघू लागले. वंगणरावांनी मान खाली घातली. लेकीचं काय होणार ते आता त्या माणसाच्या एका वाक्यावर होतं, आणि हा माणूस मुलांना नापास करताना कधी चष्मासुद्धा काढत नसे.

व्याह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “हे या खोलीबाहेर जाणार नाही,” ते म्हणाले.

“उपकार झाले, व्याही! माझी लेक—”

“तुमच्या लेकीचं राहू द्या बाजूला. माझं बघा. आमच्या वाचनालयात मी भाषण केलंय. ‘माझे व्याही आणि सागर’. पाऊण तास. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता काय, टग म्हणून सांगू?” त्यांनी घसा खाकरला. “तुम्ही चीफच राहाल. पण यापुढं मला विचारल्याशिवाय नवीन वादळ आणायचं नाही. कुठली गोष्ट सांगायची, केव्हा, किती, ते मी ठरवीन. आणि कोणी परक्यानं विचारलं तर उत्तर मी देईन. तुम्ही फक्त मान हलवायची.”

“आणि मी, साहेब?” सुकाण्यानं विचारलं. “मला कप्तान ठेवताय, की परत स्टोअरमध्ये?”

“तुम्हाला ठेवावंच लागेल. तुम्ही भाषणात आहात.”

सुकाण्या असा हसला, की खुर्ची करकरली. बायकोनं त्याच्या हातात गरम कप दिला, आणि तो कधी नव्हे तो काठोकाठ भरलेला होता. व्याह्यांनाही दिला. वंगणरावांना नाही.

सकाळी सहाला बस सुटली. पाऊस होताच. शेजारच्या बाकावर एक कापडाचा व्यापारी होता, बोलक्या जातीचा. त्यानं विचारलं, “कुठून आलात? काय करता?”

वंगणरावांनी सवयीनं तोंड उघडलं. त्यांच्या बरगडीत व्याह्यांचं कोपर रुतलं.

“हे आमचे व्याही,” व्याही म्हणाले. “जहाजावर होते. कप्तान.”

“चीफ इंजि—”

“मी बोलतोय ना?” व्याही दबक्या आवाजात म्हणाले, आणि व्यापाऱ्याकडं वळून त्यांनी गोष्ट सुरू केली. गोष्ट वाईट होती. वारा नको त्या दिशेनं वाहत होता, भर उन्हाळ्यात बर्फाचा डोंगर आडवा आला, आणि चाचे चक्क घोड्यांवरून आल्यासारखे चारी बाजूंनी एकदम आले. प्रत्येक वाक्याला वंगणरावांच्या जिभेला खाज सुटत होती. एवढी कच्ची थाप त्यांनी आयुष्यात मारली नव्हती.

“खरं की काय हो?” व्यापाऱ्यानं डोळे विस्फारून त्यांना विचारलं.

वंगणरावांनी मान हलवली.